पीक्यूआय वापरून पाहिलं: दांडिया बाजारातल्या गुरुवारच्या दवाखान्यासाठी

धर्माची गाय आणि दात का नाय, असं म्हणतात. मी तरी दात मोजले. गाय अमेरिकेची आहे. तिथल्या एएचआरक्यू या सरकारी संस्थेने ‘प्रिव्हेन्शन क्वालिटी इंडिकेटर्स’, म्हणजे पीक्यूआय, नावाची मोजपट्टी काढली आहे, टळू शकल्या असत्या अशा इस्पितळातल्या भरती मोजणारी. ती चालवायला विनक्यूआय नावाचं सॉफ्टवेअरही आहे. दोन्ही फुकट, कुणीही उतरवून घ्यावं. गेले आठ महिने मी या गाईमागे हिंडतोय.

आधी माझी ओळख. बडोद्यातल्या एका इस्पितळाची रेकॉर्ड रूम मी ३४ वर्षं सांभाळली. केस पेपर लावायचे, डिस्चार्ज कार्डावरच्या निदानाला आयसीडीचा, म्हणजे आजारांच्या जागतिक यादीतला, कोड द्यायचा, पोलीस केसचे कागद कुलपात ठेवायचे, आणि उरलेला वेळ रेसिडेंट डॉक्टरांमागे ‘साहेब, निदान लिहायचं राहिलंय’ म्हणत फिरायचं. निवृत्त झाल्यावर आमच्या मंडळाने मला पुन्हा वहीलाच बसवलं. दांडिया बाजारातल्या मंडळाच्या हॉलमध्ये दर गुरुवारी सकाळी शुगर-बीपीचा दवाखाना असतो. वीस रुपये केस, एक एमडी डॉक्टर सेवा म्हणून येतात, आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या निम्म्या किमतीत मिळतात. बहुतेक पेशंट आपले मराठी म्हातारे-म्हाताऱ्या. मुलं पुण्याला नाहीतर कॅनडाला.

गेल्या वर्षी देणगी देणाऱ्या एक बाई वार्षिक सभेला आल्या. अध्यक्षांनी वाचून दाखवलं, इतके बीपी मोजले, इतक्या शुगर तपासल्या. बाई शांतपणे म्हणाल्या, “मोजले ते कळलं हो काका, पण उतरले का?” अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मी वहीकडे पाहिलं. वहीत आकडे भरपूर होते, उत्तर नव्हतं.

भाची कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी करतेय. रविवारी सेव-उसळ खाता खाता तिला हे सांगितलं. ती म्हणाली, “मामा, ओपीडी कशी चाललीय ते ओपीडीत बसून कळत नाही. तुमचे पेशंट कुठल्या वॉर्डात सापडतात ते बघा.” आणि पीक्यूआयची लिंक पाठवून दिली.

कल्पना सोपी आहे, आणि माझ्यासारख्याला तर लाज वाटावी इतकी सोपी. काही आजार असे आहेत की बाहेरच्या बाहेर नीट सांभाळले तर माणसाला सहसा खाटेवर झोपावं लागत नाही. मधुमेह, दमा, हृदय कमजोर होऊन अंगात पाणी साठणं म्हणजे हार्ट फेल्युअर, ब्लडप्रेशर. असा माणूस भरती होऊन आला तर त्याआधीच्या काही महिन्यांत कुठेतरी धागा सुटलेला असण्याची शक्यता मोठी. तो इस्पितळात सुटलेला नसतो. दवाखान्यात, घरात, मेडिकलच्या दुकानात, बसच्या तिकिटाच्या पैशात, कुठेही सुटतो. म्हणजे भरतीचे कागद इस्पितळाचे, पण परीक्षा बाहेरच्या औषधोपचाराची. ३४ वर्षं हेच कागद माझ्या हाताखालून गेले आणि मी त्यावर फक्त कोड टाकत बसलो.

या विचाराला १९९० नंतर आकार आला. जॉन बिलिंग्ज यांनी न्यूयॉर्क शहरातल्या गरीब आणि श्रीमंत वस्त्यांतल्या अशा भरतींची तुलना केली, ते काम १९९३ साली प्रसिद्ध झालं. त्यातली एक युक्ती मला फार आवडली. खुब्याचं हाड मोडणं, हार्ट अटॅक, अपेंडिक्स यांत माणूस कुठल्याही वस्तीतला असो, भरती व्हावंच लागतं. तेव्हा असे आजार शेजारी ठेवून बघायचे. दोन वस्त्यांत खुब्याची हाडं सारखी मोडतात आणि दम्याच्या भरती मात्र एकीकडे कितीतरी जास्त, तर मग दम्याच्या औषधोपचाराची चौकशी करायची. कॅलिफोर्नियात १९९५ साली बिंडमन आणि सहकाऱ्यांनी उलट बाजूने पाहिलं. जिथले लोक स्वतःच सांगत होते की डॉक्टरपर्यंत पोचणं कठीण जातं, तिथेच या भरती जास्त निघाल्या. २००१ साली एएचआरक्यूने या सगळ्याची मोजपट्टी करून बाहेर काढली.

आता माल उघडून बघू. मूळ यादीत १६ निर्देशक होते. आजची यादी उघडली की पहिल्यांदा खटकतात ते क्रमांक. ३ नंतर एकदम ५, ५ नंतर ७. रेकॉर्ड रूमच्या माणसाला मधला नंबर गहाळ दिसला की झोप लागत नाही. शोधल्यावर कळलं की ४ आणि ६ हे मुलांचे होते, दमा आणि जुलाब, ते मुलांच्या वेगळ्या संचात गेले. काही मागाहून रद्द झाले, त्यांचे नंबर रिकामेच ठेवलेत. रिकामे ठेवले हे बरं केलं. जुना नंबर नव्या फायलीला देणारा कारकून मी पाहिलेला आहे.

प्रत्येक निर्देशकाची पीडीएफ वेगळी, आणि ती सुरेख लिहिलेली आहे. कोण मोजायचा, कोण वगळायचा, कुठला कोड, सगळं स्वच्छ. उदाहरणार्थ न्यूमोनियात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे पेशंट वगळतात. छोटाउदेपूरकडचे आदिवासी पेशंट सिकलसेल घेऊन बडोद्याला येताना मी वर्षानुवर्षं पाहिलेत, त्यामुळे तो नियम वाचून पटकन पटलं. चाळिशीच्या आतला दमा वेगळा आणि चाळिशीपुढचा दमा सीओपीडीबरोबर, म्हणजे फुफ्फुसाच्या जुनाट आजाराबरोबर, एकत्र, हेही शहाणपणाचं. साठीच्या माणसाच्या कागदावर दमा लिहायचा की सीओपीडी हे आमच्याकडे त्या दिवशी ड्यूटीवर कोण आहे यावर ठरायचं. या पीडीएफना माझ्याकडून पाचापैकी पाच.

विनक्यूआयला मात्र पाचापैकी एक, तोही फुकट आहे म्हणून. आधी त्याला एसक्यूएल सर्व्हर हा माहिती साठवायचा आणखी एक प्रोग्राम लागतो. भाचीच्या मित्राने येऊन तो बसवला, त्याला चहा आणि भाकरवडी द्यावी लागली. मग सॉफ्टवेअरने पेशंटच्या काउंटीचा कोड मागितला. अमेरिकेतल्या जिल्ह्यांचे कोड. दरासाठी लागणारी लोकसंख्या त्यांनी आतच भरून ठेवली आहे, पण ती त्यांच्या काउंट्यांची. आमचं बडोद्यातलं रावपुरा ही काउंटी नाही, हे मी त्या यंत्राला कसं सांगणार? वर डीआरजी नावाचा गटही हवा, ज्यावर तिथली बिलं ठरतात. आमच्याकडे तो प्रकारच नव्हता. आयुष्मानच्या केसला पॅकेजचा कोड असतो, तो वेगळा.

कोडिंगवाल्यांसाठी खरी मेख सांगतो, बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. अमेरिकेत ऑक्टोबर २०१५पासून आयसीडी-१०-सीएम चालतं. आम्ही शिकलो ते जागतिक आरोग्य संघटनेचं साधं आयसीडी-१०. वरून दोघं भाऊ दिसतात, पण चौथ्या अक्षरापासून वाटा फुटतात. ‘अनियंत्रित मधुमेह’ हा त्यांचा १४ क्रमांकाचा निर्देशक ई११.६५ अशा कोडांवर उभा आहे. आमच्या पुस्तकात तो कोड नाहीच. आमच्याकडे शुगर चारशे असलेला माणूस भरती झाला आणि डॉक्टरांनी नुसतं ‘डीएम टाइप टू’ लिहिलं की मी ई११.९ टाकून मोकळा. म्हणजे ‘कुठलीही गुंतागुंत नाही’! गुंतागुंत नाही तर हे काका चार दिवस वॉर्डात कशासाठी होते, हा प्रश्न मला नोकरीत एकदाही पडला नाही. मुख्य निदानाचंही तसंच. त्यांचा नियम असा की सगळ्या तपासण्यांनंतर ज्या कारणाने भरती करावं लागलं असं ठरलं ते पहिलं लिहायचं. आमच्याकडे डिस्चार्ज कार्डावर पाच निदानं तिरक्या रेघांनी एका ओळीत येत, आणि पहिलं कुठलं हे अक्षराच्या आकारावरून ठरवायचं.

सॉफ्टवेअर बंद केलं. पीडीएफ छापून घेतल्या आणि दुरेघी वही आखली.

पीक्यूआयचा दर निघतो लाख प्रौढ लोकसंख्येमागे, वय आणि लिंगाचा फरक हिशेबात धरून. इथे लोकसंख्या कुठून आणायची? शेवटची जनगणना २०११ची. त्यात बडोदा जिल्हा ४१ लाखांच्या वर दिसतो, पण त्यात छोटाउदेपूर आहे. २०१३ साली तो वेगळा जिल्हा झाला. शहराची हद्दही त्यानंतर वाढली. आणि मोठ्या इस्पितळांत येणारी माणसं केवळ बडोद्याची नसतात. गोध्रा, दाहोद, अगदी मध्य प्रदेशातल्या अलिराजपूरहून येतात आणि पत्ता लिहितात इथल्या मांजलपूरच्या मेव्हण्याचा. छेदच असा डळमळीत असेल तर अंश कितीही नीट मोजा.

माझ्यापुढे सोपा मार्ग होता. आमच्या गुरुवारच्या वहीत त्या वर्षी २१२ नावं होती. हाच छेद. घरोघरी निरोप धाडला की वर्षभरात कुणी कुठेही भरती झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड दाखवायला आणा. ३४ कार्डं आली. पीडीएफ शेजारी ठेवून प्रत्येक तपासलं. ११ पीक्यूआयमध्ये बसली. बाकी मोतीबिंदू, हर्निया, पडून हाड मोडणं, एक डेंग्यू.

भाचीने गंमत म्हणून लाखामागे दर काढून दिला, ५,१८९. अध्यक्षांना घाम फुटला. मी म्हटलं, साहेब, बसा. आपली सगळी नावं आजारी म्हाताऱ्यांची, त्याची तुलना निरोग्यांसह अख्ख्या शहराशी होत नाही. आणि २१२ माणसांत एक भरती इकडची तिकडे झाली की दर पावणेपाचशेने हलतो. एएचआरक्यूवाल्यांना हे ठाऊक आहे. छोट्या काउंटीचा दर ते सरासरीकडे थोडा ओढून दाखवतात, जेवढी माणसं कमी तेवढा जास्त ओढून. दोन सामन्यांत दोन शतकं ठोकणाऱ्याची सरासरी आपण जशी लगेच खरी मानत नाही, तसं. शितावरून भाताची परीक्षा करायची असेल तर शितं पुरेशी हवीत, हे त्यांनी गणितात बसवलंय. मी दर सोडून दिला आणि ११ कार्डं वाचायला बसलो.

अकरापैकी पाच हार्ट फेल्युअरची, आणि ती पाच दोनच माणसांची. पीक्यूआय माणसं मोजत नाही, भरती मोजतो, हे इथे नीट समजलं. त्यातल्या एका काकूंच्या तीन भरती. विचारत गेलो तर कळलं, लघवीची गोळी त्या प्रवासाच्या दिवशी घेत नाहीत. बडोद्याहून पुण्याची रात्रीची बस, मध्ये कुठे थांबेल भरवसा नाही, म्हणून जाताना दोन दिवस बंद, येताना दोन दिवस बंद, आणि तिथे लेकीकडे लोणचं-पापड. तिन्ही भरती पुण्याहून परतल्यावरच्या. डॉक्टरांनी औषध बरोबर लिहिलं होतं, वहीत बीपी बरोबर होतं. आमच्या कुठल्याही रकान्यात बस नव्हती.

दुसरी गोष्ट तारखांत सापडली. अकरापैकी चार भरती दिवाळीनंतरच्या पंचवीस दिवसांतल्या. दोन शुगरच्या, एक दम्याची, एक त्या दुसऱ्या हार्ट फेल्युअरवाल्या आजोबांची. फटाक्यांचा धूर आणि घुघरे, म्हणजे इथल्या करंज्या, म्हणून सोडून देणार होतो, पण वही उलटली. गुजरातेत दिवाळीला लाभपाचमपर्यंत, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत, सगळं बंद असतं. आमचे डॉक्टर त्या सुमारास मुलाकडे जातात. त्यामुळे आमचे लागोपाठ तीन गुरुवार बंद. शेवटच्या उघड्या गुरुवारपासून पुढच्या उघड्या गुरुवारपर्यंत २८ दिवस, आणि आम्ही गोळ्या देतो पंधरा दिवसांच्या. उरलेल्या तेरा दिवसांत माणसाने काय खायचं? मेडिकलवाले लाभपाचमनंतर उघडे होते, पण पूर्ण किमतीत. “आठवडाभराने काय बिघडतंय,” असं चौघांपैकी तिघांनी मला जवळपास याच शब्दांत सांगितलं. आम्ही नऊ वर्षं ही सुट्टी घेतोय.

इथे सॉफ्टवेअरला पुन्हा नावं ठेवतो. त्यात तारीख नाही, तिमाही भरायची. ऑक्टोबर ते डिसेंबर एकाच डब्यात. आमची दिवाळी त्यात विरघळून गेली असती.

एवढं सापडलं म्हणून कुणी उद्या गावातल्या डॉक्टरांना भरतीवरून नंबर द्यायला निघेल, त्याला हात जोडून थांबवतो. एएचआरक्यू स्वतःच सांगतं की ही चाळणी आहे, कुठे खोदायचं ते दाखवणारी. आणि आपल्याकडे भरतीला आजाराखेरीज कारणं फार. मेडिक्लेमला बहुतेकदा २४ तास खाटेवर असावं लागतं, म्हणून तपासण्यांसाठी रात्रभर झोपवलेले लोक मी स्वतः कोड केलेत. आयुष्मान योजना २०१८ साली आली, गुजरातेत २०२३पासून कुटुंबामागे दहा लाखांपर्यंत आहे, पण रोजच्या ओपीडीचा खर्च तीत बसत नाही. भरतीच्या आधीचे तीन दिवस आणि डिस्चार्जनंतरचे पंधरा दिवस, तेवढंच. म्हणजे महिन्याच्या गोळ्यांचे पैसे खिशातून आणि खाट फुकट. अशा ठिकाणी भरती वाढली तर दोष नेमका कुणाचा धरायचा? उलट जिथे भरती कमी दिसतात तिथे औषधोपचार चांगला असेल, किंवा इस्पितळच लांब असेल, किंवा माणूस घरीच गेला असेल. २०२४च्या ऑगस्टअखेरीस बडोद्यातल्या विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं, फ्रिज बंद, इन्सुलिन वाया. त्या आठवड्यातल्या शुगरच्या भरतीवरून कुणी डॉक्टरला जोखू नये.

अजून एक फट. दुसऱ्या इस्पितळातून रेफर होऊन आलेला पेशंट पीक्यूआय वगळतो, कारण तो पहिल्या इस्पितळात मोजला गेला असेल असं गृहीत आहे. आपल्याकडे पहिलं इस्पितळ म्हणजे तालुक्याचं चार खाटांचं नर्सिंग होम, आणि कागद म्हणजे पाठकोऱ्या पॅडवरची चिठ्ठी. तिथे नाही मोजला, इथे वगळला. सगळ्यात जास्त बिघडून आलेला माणूस हिशेबातूनच नाहीसा होतो.

रद्द झालेल्या निर्देशकांत एक होता फुटलेल्या अपेंडिक्सचा. अपेंडिक्सच्या एकूण पेशंटांपैकी किती जण फुटल्यावर आले, एवढंच. त्याला ना जनगणना लागते ना काउंटी, अंश आणि छेद दोन्ही एकाच रेकॉर्ड रूममध्ये. आपल्याला सर्वात परवडणारा नेमका तोच काढून टाकला. त्यांची कारणं त्यांच्याजवळ. जिथे रेकॉर्ड रूम धड आहे अशा इस्पितळांनी तो खुशाल चालू ठेवावा.

एवढं करून आमचा अहवाल सभेत वाचला. देणगीदार बाईंनी दिवाळीआधी महिन्याभराच्या गोळ्या द्यायला वेगळी रक्कम दिली. अध्यक्ष खूश. मीही होतो, पुढच्या बुधवारपर्यंत.

बुधवारी भाजी बाजारात एक निवृत्त मास्तर भेटले, कुबड्या घेतलेले. उजव्या पायाची बोटं आणि पुढचा पाय काढलेला. शुगरने. त्यांच्यासारख्यांसाठीच पीक्यूआयचा १६ नंबर आहे, मधुमेहात पाय कापावा लागणं. सगळ्या यादीत मला हाच सर्वात विश्वासाचा वाटतो, कारण मेडिक्लेमसाठी कुणी पाय कापून घेत नाही. आणि माझ्या अकरा कार्डांत असं एकही नव्हतं. मास्तर तर आमचेच, गुरुवारचे. घरी येऊन वही काढली. सहा महिने जो येत नाही त्याचं नाव आम्ही खोडतो, म्हणजे यादी स्वच्छ राहते. मास्तरांचं नाव एप्रिलमध्ये खोडलेलं, लाल शाईने, माझ्या अक्षरात. पाय जुलैत गेला. २१२ हा माझा छेद येणाऱ्यांचा होता. जे यायचे थांबले त्यांना मी आधीच वजा केलं होतं. मास्तरांना विचारलं का येईनासे झालात, तर म्हणाले जिना चढवत नव्हता. आमचा हॉल पहिल्या मजल्यावर आहे.

तर वापरायचं असेल त्यांच्यासाठी: सॉफ्टवेअर उतरवू नका, पीडीएफ उतरवा. कोड आपल्या पुस्तकाशी पडताळा, विशेषतः मधुमेहाचे. तिमाहीऐवजी तारीख लिहा. छेदात एकदा आलेलं नाव वर्ष संपेपर्यंत ठेवा. सगळं मिळून पाचापैकी साडेतीन.

मी आता नाव खोडत नाही. सलग दोन वेळा कुणी आलं नाही की शेजारी तारीख टाकतो आणि शुक्रवारी फोन करतो. पहिल्या शुक्रवारी सात फोन केले. दोघांचे लागले नाहीत, एक काकू आणंदला सुनेकडे होत्या, एकांनी दुसरा डॉक्टर धरलाय, आणि तिघांनी जिना सांगितला. तळमजल्यावरची खोली मंडळाने गरब्याच्या सामानाला दिलीय. ती मागायचा अर्ज मी दिला आहे, आवक क्रमांकासकट.